डेव्हिड गिल्मर यांच्या गिटारी, ॲम्प्लिफायर आणि पेडल्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिल्मर यांच्या संग्रहात नेमके काय काय होते?

२०१९ च्या लिलावात त्यांच्या १२० हून अधिक गिटारी एकाच वेळी जगासमोर आल्या, तेव्हा या संग्रहाचा आवाका प्रथमच साऱ्यांच्या लक्षात आला. फेंडर, गिब्सन, ग्रेच आणि मार्टिन या अमेरिकी कंपन्यांची वाद्ये त्यांत होती, तशीच मांडीवर ठेवून वाजवायची स्वस्तातली लॅप स्टीलही होती. जानेवारी १९६८ मध्ये पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडमध्ये गिटारवादक म्हणून दाखल झाल्यापासूनच्या पाच दशकांत हे साहित्य जमत गेले. परंतु त्यांच्या ज्या वादनाने जगभरच्या श्रोत्यांना वेड लावले, त्यातल्या बहुतेक भागासाठी एक काळी स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार), एक-दोन ॲम्प्लिफायर आणि मोजकी पेडल्स (पायाने चालवायच्या, आवाज बदलणाऱ्या पेट्या) पुरली होती. त्यामुळे पुढील उत्तरांमध्ये भर त्या मोजक्या साहित्यावर आहे.

ब्लॅक स्ट्रॅट ही गिटार त्यांच्याकडे कशी आली?

मे १९७० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना न्यू ऑर्लिन्स येथे बँडची उपकरणे चोरीला गेली, आणि गिल्मर यांनी नुकतीच विकत घेतलेली स्ट्रॅटोकास्टरही त्यांबरोबर गेली. मायदेशी परतताना न्यूयॉर्कच्या पश्चिम ४८ व्या रस्त्यावरील मॅनीज या प्रसिद्ध दुकानातून त्यांनी तिच्या जागी दुसरी घेतली. तीच ही गिटार. ती १९६९ सालची असून मुळात सनबर्स्ट रंगाची होती, पण विक्रीला येण्यापूर्वीच तिच्यावर काळा रंग चढवलेला होता. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३), ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५), ‘ॲनिमल्स’ (१९७७) आणि ‘द वॉल’ (१९७९) या चारही अल्बममध्ये तिचा आवाज आहे. चोरी झाली नसती तर हे सारे दुसऱ्याच एखाद्या स्ट्रॅटोकास्टरवर वाजले असते, आणि माझा अंदाज असा की ऐकणाऱ्याला फारसा फरक जाणवला नसता.

तिच्यात इतके बदल झाले, मग मूळ गिटारीचे उरले तरी काय?

लाकडी अंग मूळचे आहे. बाकी जवळजवळ प्रत्येक भागाला कधी ना कधी हात लागला आहे. नेक (गिटारीची मान) अनेकदा बदलली गेली, कधी मेपल तर कधी रोझवूडच्या फिंगरबोर्डाची. ब्रिज (तारा जिथे टेकतात तो भाग) आणि मधला पिकअप (तारांचा कंप विद्युत संकेतात बदलणारा भाग) यांच्या दरम्यान काही काळ गिब्सनचा हंबकर हा दुहेरी पिकअप बसवलेला होता. पांढरा पिकगार्ड जाऊन १९७४ मध्ये काळा आला आणि तेव्हापासून गिटारीचे आज परिचित असलेले रूप तयार झाले. ब्रिजजवळच्या पिकअपच्या जागी आधी डीमार्झिओचा एफएस-१ आणि पुढे सेमूर डंकन यांनी मुद्दाम जास्त वेढे देऊन तयार केलेला पिकअप बसला. एक छोटा स्विचही जोडला गेला, ज्यामुळे नेक आणि ब्रिज हे दोन्ही टोकांचे पिकअप एकत्र वाजवता येतात. साध्या स्ट्रॅटोकास्टरच्या निवडकळीवर ही जोडी मिळत नाही.

सर्वांत मोठा बदल १९८३ चा. त्या वर्षी काहलर कंपनीची ट्रेमोलो यंत्रणा (दांड्याने तारांचा ताण कमी-जास्त करणारी) बसवण्यासाठी गिटारीचे लाकूड कोरण्यात आले. आज कोणी अशा वाद्याला छिन्नी लावायचे म्हटले तर संग्राहक कपाळावर हात मारतील, पण त्या काळी ती कामाची गिटार होती आणि कामाच्या गरजेप्रमाणे ती बदलली जात होती. १९७४ पासून गिल्मर यांचे साहित्य सांभाळणारे तंत्रज्ञ फिल टेलर यांनी पुढे ती यंत्रणा काढून, कोरलेला भाग भरून जुन्या पद्धतीचा ब्रिज पुन्हा बसवला. ट्रेमोलोचा दांडा मात्र नेहमीपेक्षा आखूड कापलेला असतो, म्हणजे तो तळहातातच राहतो आणि पिक धरलेली बोटे तारांवरून न हटवता सुराला हलका कंप देता येतो. गिल्मर यांच्या लांब सुरांमधला तो मंद हिंदोळा बऱ्याच अंशी या आखूड दांड्याचा आहे, आणि त्याची नक्कल करायला काही शे रुपयांचा सुटा दांडा आणि एक करवत पुरेशी आहे.

ही गिटार एका रेस्टॉरंटच्या भिंतीवर होती, हे खरे आहे का?

होय. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती अमेरिकेतील डॅलसच्या हार्ड रॉक कॅफेला प्रदर्शनासाठी दिलेली होती आणि १९९७ मध्ये ती परत घेण्यात आली. त्या काळात गिल्मर यांचे मुख्य वाद्य होते १९८४ सालची लाल स्ट्रॅटोकास्टर. तिच्यात बॅटरीवर चालणारे ईएमजी पिकअप होते, ज्यांत गुणगुण फार कमी असते. प्रकाशयोजनेच्या प्रचंड तारांमध्ये उभे राहून वाजवणाऱ्याला हा फायदा मोठा वाटतो. काळी गिटार पुन्हा लोकांच्या डोळ्यांत भरली ती २ जुलै २००५ रोजी, लंडनच्या हाइड पार्कमधील लाइव्ह ८ मैफलीत, जेव्हा रॉजर वॉटर्स यांच्यासह बँडचे चारही सदस्य अनेक वर्षांनी एकत्र वाजले. २००८ मध्ये फेंडरने तिची अधिकृत प्रतिकृती बाजारात आणली.

०००१ क्रमांकाची पांढरी गिटार ही जगातली पहिली स्ट्रॅटोकास्टर आहे का?

नाही. ती १९५४ सालची आहे, तिच्या मागच्या पट्टीवर ०००१ कोरलेले आहे, तिचे धातूचे भाग सोनेरी आहेत आणि ती अत्यंत मौल्यवान आहे, एवढे निर्विवाद. पण फेंडरच्या कारखान्यात क्रमांक कोरलेल्या पट्ट्या ओळीने बसवल्या जात नसत. हाताला येईल ती पट्टी लागत असे. त्यामुळे क्रमांकावरून जन्मक्रम ठरत नाही. ही गिटार सेमूर डंकन यांच्याकडून फिल टेलर यांच्याकडे आणि त्यांच्याकडून गिल्मर यांच्याकडे आली. ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागातला तालाचा करकरीत तुकडा तिच्यावर वाजलेला आहे, आणि २००४ मध्ये स्ट्रॅटोकास्टरच्या पन्नाशीनिमित्त लंडनच्या वेम्बली अरीनात झालेल्या मैफलीत ती रंगमंचावर दिसली.

स्ट्रॅटोकास्टर सोडून त्यांनी इतर गिटारी कुठे वापरल्या?

‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागातला सोलो गिब्सन लेस पॉलवर आहे. १९५५ सालची ही सोनेरी गिटार पी-९० पिकअपची असून तिचा आवाज स्ट्रॅटोकास्टरपेक्षा जाड आणि थोडा रागीट आहे. सोलो आधी थेट ध्वनिमुद्रणाच्या डेस्कमध्ये घेतला गेला आणि नंतर तो मेसा बूगी ॲम्प्लिफायरमधून पुन्हा वाजवून मूळ मुद्रणात मिसळला गेला. सुरांची स्वच्छ कडा आणि त्याखालची ऊब दोन्ही एकदम ऐकू येतात, त्याचे कारण हे आहे.

‘मनी’ या गाण्यातील सोलोच्या शेवटच्या भागात सूर जिथपर्यंत चढतात, तिथे २१ फ्रेटची (नेकवरच्या सुरांच्या आडव्या पट्ट्यांची) स्ट्रॅटोकास्टर पोहोचत नाही. त्यासाठी कॅनडातील व्हँकुव्हरच्या बिल लुइस यांनी बनवलेली २४ फ्रेटची गिटार वापरली गेली. गाणे स्ट्रॅटोकास्टरवर बसवताना शेवटचे काही सूर खालच्या सप्तकात उतरवण्याची वेळ अनेकांवर येते ती यामुळेच.

‘विश यू वेअर हिअर’मधील अकूस्टिक सोलोची मार्टिन डी-३५ ही १९६९ सालची गिटार गिल्मर यांनी १९७१ मध्ये मॅनीज दुकानाच्या बाहेर, रस्त्यावर भेटलेल्या एका विक्रेत्याकडून घेतली होती. त्या गाण्याची सुरुवात करणारी बारा तारांची गिटारही मार्टिनचीच आहे.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये ऐकू येणारे घसरते सूर कोणत्या वाद्याचे आहेत?

ते पेडल स्टील गिटारचे आहेत, म्हणजे आडव्या ठेवलेल्या, धातूच्या दांड्याने वाजवायच्या आणि पायातील पेडलांनी तारांचा ताण बदलता येणाऱ्या गिटारचे. गिल्मर यांच्याकडे फेंडर १००० हे दोन नेकांचे वाद्य होते. पुढे मैफलींसाठी त्यांनी जेडसन कंपनीची साधी लॅप स्टील जवळ केली. आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात आणि जिच्यावर हिंदी चित्रपटगीतांच्या धुनांच्या तबकड्या एके काळी घरोघरी वाजत, तिचेच हे सख्खे भावंड आहे. त्यामुळे मराठी घरातल्या जुन्या पिढीला पिंक फ्लॉइड आवडला नाही तरी हा भाग ओळखीचा वाटण्याची शक्यता आहे.

त्यांच्या आवाजात ॲम्प्लिफायरचा वाटा किती?

माझ्या मते सर्वांत मोठा, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिलेला. १९७० पासून गिल्मर यांनी हायवॉट डीआर १०३ हा १०० वॉटचा इंग्लिश व्हॉल्व्ह (म्हणजे निर्वात नळ्यांवर चालणारा) ॲम्प्लिफायर वापरला. डेव्ह रीव्ह्ज यांनी स्थापन केलेल्या या कंपनीच्या ॲम्पमध्ये पार्ट्रिज कंपनीचे भक्कम ट्रान्सफॉर्मर आणि ईएल३४ प्रकारचे चार पॉवर व्हॉल्व्ह असत, तर हॅरी जॉइस यांच्या देखरेखीखालची आतली वायरिंग इतकी नीटनेटकी असे की जुना ॲम्प उघडून पाहणारा तंत्रज्ञ आजही दोन मिनिटे नुसता पाहत राहतो. त्याच्याबरोबर डब्ल्यूईएम कंपनीची सुपर स्टारफाइंडर कॅबिनेट असत, ज्यांत फेन क्रेसेंडो जातीचे १२ इंची चार स्पीकर होते.

या जोडणीचे वैशिष्ट्य असे की ती मोठ्या आवाजातही फाटत नाही. त्या काळचे बहुतेक रॉक वादक ॲम्प इतका वाढवत की व्हॉल्व्हच ओरडू लागत आणि तोच त्यांचा डिस्टॉर्शनचा, म्हणजे फाटलेला, आवाज बने. गिल्मर यांनी उलट मार्ग धरला: ॲम्प स्वच्छ ठेवायचा आणि रंग पेडलांनी भरायचे. पेडलने तयार केलेला दीर्घ, गुळगुळीत डिस्टॉर्शन अशा ॲम्पमध्ये पूर्ण उमटतो, त्याच्यावर ॲम्पचा स्वतःचा डिस्टॉर्शन चढत नाही, आणि मागून येणारे प्रतिध्वनीही एकमेकांत गढूळ होत नाहीत. तेच पेडल आधीच कुरकुरणाऱ्या छोट्या ॲम्पला जोडले की मधमाश्यांचा थवा ऐकू येतो, आणि वाजवणारा दोष पेडलला देतो.

फिरत्या स्पीकरविषयी पुष्कळ ऐकायला मिळते. तो प्रकार काय आहे?

लेस्ली कॅबिनेटमध्ये ध्वनी फिरत्या भागातून बाहेर पडतो, त्यामुळे तो ऐकणाऱ्याच्या जवळ येऊन पुन्हा लांब जातो आणि सुराला सौम्य हेलकावा मिळतो. ऑर्गनसाठी बनलेली ही युक्ती गिल्मर यांनी गिटारीसाठी वापरली. ‘द वॉल’च्या काळात यामाहा आरए-२०० हे फिरते कॅबिनेट हायवॉटच्या जोडीला होते, आणि १९९४ च्या दौऱ्यासाठी डॉपोला नावाची फिरती कॅबिनेट खास तयार करण्यात आली. मुख्य कॅबिनेटपेक्षा त्यांचा आवाज बेताने खाली ठेवला जातो. ‘कम्फर्टेबली नम्ब’चा शेवटचा सोलो भव्य वाटतो तो या थराच्या मदतीने, वेगळा काढून ऐकवल्याशिवाय तो थर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

बिन्सन एकोरेक हे प्रतिध्वनीचे यंत्र कसे काम करते आणि डिजिटल डिलेपेक्षा (इलेक्ट्रॉनिक प्रतिध्वनीपेक्षा) ते वेगळे कसे?

बिन्सन ही इटलीतील मिलानची कंपनी. त्या काळची बहुतेक प्रतिध्वनी यंत्रे चुंबकीय टेपच्या वेटोळ्यावर चालत, आणि टेप झिजली, ताणली गेली की सूर डगमगत. एकोरेकमध्ये टेपच नाही. तिच्या जागी चुंबकीय तारेचे वेढे दिलेली एक फिरती चकती आहे. तिच्या कडेला एक हेड ध्वनी मुद्रित करते, पुढची चार हेड तो वेगवेगळ्या अंतरांवर वाचतात आणि एक हेड चकती पुन्हा कोरी करते. शेवटच्या हेडपर्यंत पोहोचायला ध्वनीला साधारण ३०० मिलिसेकंद लागतात. कोणती हेड ऐकायची हे निवडकळीने ठरवता येत असल्यामुळे एक सूर छेडला की असमान अंतरांवरच्या प्रतिध्वनींचा एक नक्षीदार झुपका मिळतो. व्हॉल्व्हवर चालणारी ही यंत्रणा प्रत्येक पुनरावृत्तीत थोडा खणखणीतपणा गमावते, म्हणून मागचे सूर पुढच्या सुरांच्या आड येत नाहीत.

गिल्मर यांच्या आधी बँडचे गिटारवादक असलेले सिड बॅरेट हेसुद्धा हे यंत्र वापरत, म्हणजे तो आवाज एका अर्थी बँडच्या घरातलाच होता. ‘वन ऑफ धीज डेज’च्या सुरुवातीचा धावता बेसही बिन्सनमधूनच जातो. यंत्र जड, नाजूक आणि सतत निगा मागणारे असल्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिल्मर एमएक्सआरच्या डिजिटल डिलेकडे वळले. सोय झाली, हे मान्य. पण ‘इकोज’ या गाण्यातला तो ओलसर गहिरेपणा मला नंतरच्या मुद्रणांत सापडत नाही.

‘रन लाइक हेल’मधला धावता प्रतिध्वनी किती मिलिसेकंदांचा ठेवावा?

सुमारे ३८०. ही संख्या गाण्याच्या लयीतून येते. गाणे मिनिटाला साधारण ११७ ठोक्यांचे आहे, म्हणजे एक ठोका सुमारे ५१३ मिलिसेकंदांचा, आणि त्याच्या पाऊण पट म्हणजे ३८५ च्या आसपास. हात सरळ समान सूर वाजवतो, प्रतिध्वनी त्यांच्या फटीत नेमका येऊन बसतो, आणि ऐकणाऱ्याला दुप्पट वेगाचा भास होतो. दुसऱ्या कोणत्याही लयीसाठी ६०,००० ला ठोक्यांच्या संख्येने भागून पाऊण पट करावी. प्रतिध्वनीचा आवाज मूळ सुराच्या जवळजवळ बरोबरीने ठेवला नाही तर हा खेळ जमत नाही.

फझ फेस की बिग मफ?

ही दोन्ही डिस्टॉर्शनची पेडल्स आहेत. कोणत्या काळचा आवाज हवा आहे, यावर निवड अवलंबून आहे. ‘द डार्क साइड ऑफ द मून’पर्यंतचे तीक्ष्ण, किंचित फुटलेले सोलो डॅलस आर्बिटरच्या फझ फेसचे आहेत, सुरुवातीला जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा आणि मग बीसी१०८ या सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा. ‘ॲनिमल्स’पासून इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा बिग मफ आला, ज्यात सूर अधिक काळ टिकतो आणि कडा गोल होतात. त्याच्या मागे बहुधा कलरसाउंड पॉवर बूस्ट आणि इलेक्ट्रिक मिस्ट्रेस हा फ्लँजर (सुराला घुमणारा हेलकावा देणारे पेडल) असे. पुढच्या काळात व्हॉल्व्ह असलेला ट्यूब ड्रायव्हर त्यांच्या मांडणीत कायमचा शिरला.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक सूचना इथे आवश्यक आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टर तापमानाला फार संवेदनशील असतो. उष्णता वाढली की त्यातून गळणारा प्रवाह वाढतो आणि पेडलचा आवाज दबलेला, तुटका येऊ लागतो. इंग्लंडच्या थंडीत गोड वाजणारे पेडल मे महिन्यात मुंबईच्या किंवा नागपूरच्या मांडवाखाली त्रास देऊ शकते. आपल्या हवेत सिलिकॉनचाच फझ फेस घेणे शहाणपणाचे आहे, आणि सुदैवाने गिल्मर यांचा परिचित आवाजही त्याचाच आहे.

पेडलांचा क्रम कसा असावा?

फझ फेस गिटारीला थेट जोडावा, कारण तो पिकअपशी विद्युतदृष्ट्या जोडलेला असतानाच गिटारीचा व्हॉल्यूम कमी करून स्वच्छ होतो. मध्ये बफर (संकेताला बळ देणारे छोटे सर्किट) आला की हा गुण जातो. त्यानंतर कम्प्रेसर (हलके-जोरकस सूर एका पातळीवर आणणारे पेडल), बिग मफ, बूस्ट, मग फेझर किंवा फ्लँजर, व्हॉल्यूम पेडल आणि सर्वांत शेवटी डिले. फझ आणि कम्प्रेसर दोन्ही असतील तर एकाच वेळी दोन्ही चालू ठेवण्याची गरज क्वचित पडते. १९७६ मध्ये पीट कॉर्निश यांनी गिल्मर यांच्यासाठी मोठा पेडलबोर्ड बांधला, तेव्हा लांब केबलमुळे हरवणारा तिखटपणा वाचवण्यासाठी बफरांचा आणि प्रत्येक पेडल वेगळे बाजूला काढण्याच्या सोयीचा विचार त्यात केलेला होता. आजच्या प्रत्येक व्यावसायिक बोर्डामागे तोच विचार दिसतो.

‘ब्रीद’मधला पाण्यासारखा हेलकावा कशाचा?

युनि-व्हाइबचा. शिन-एई या जपानी कंपनीने बनवलेल्या या पेटीत एक छोटा दिवा मंद-तेज होत राहतो आणि त्याच्याभोवतीचे चार प्रकाशसंवेदी घटक सुराची फेज सरकवतात. वेग कमीच ठेवावा.

‘इकोज’मधले पक्ष्यांसारखे ओरडणे कसे निर्माण केले?

वाह पेडलला (पायाने दाबून सुराचा तीक्ष्णपणा बदलणाऱ्या पेडलला) केबल उलट्या जोडून, म्हणजे गिटार बाहेर जाणाऱ्या जॅकला आणि ॲम्प आत येणाऱ्या जॅकला. अशा स्थितीत पेडल स्वतःच शीळ घालू लागते आणि गिटारीचे व्हॉल्यूम आणि टोनचे बटण फिरवून ती शीळ वरखाली करता येते. हे जुन्या बनावटीच्या, बफर नसलेल्या वाह पेडलवरच होते, आणि गिटारीचे पिकअपही बॅटरीविना चालणारे असावे लागतात.

तारा कोणत्या वापराव्यात?

जीएचएस कंपनीचा त्यांच्या नावाचा संच .०१०, .०१२, .०१६, .०२८, .०३८ आणि .०४८ असा आहे. दुसरी आणि तिसरी तार नेहमीच्या संचापेक्षा बारीक असल्याने त्यांच्यावर मोठे बेंड (तार ओढून सूर चढवणे) घेणे सोपे जाते. गिल्मर एकाच बेंडमध्ये दोन-तीन पायऱ्या चढत जातात, ते ऐकल्यावर या निवडीचे कारण कळते.

लिलावात काय घडले आणि पैसा कोणाला गेला?

२० जून २०१९ रोजी न्यूयॉर्क येथे क्रिस्टीजने हा लिलाव केला. ब्लॅक स्ट्रॅटचा अंदाज एक ते दीड लाख डॉलरचा होता. ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली आणि त्या वेळी लिलावात विकली गेलेली सर्वांत महाग गिटार ठरली. ती इंडियानापोलिस कोल्ट्स या अमेरिकी फुटबॉल संघाचे तत्कालीन मालक जिम इर्से यांनी घेतली. ०००१ ला १८ लाख १५ हजार, तर मार्टिन डी-३५ ला १० लाख ९५ हजार डॉलर मिळाले. एकूण रक्कम २ कोटी १४ लाख डॉलरच्या वर गेली आणि ती सारी हवामान बदलाविरुद्ध न्यायालयीन लढे देणाऱ्या क्लायंटअर्थ या संस्थेला देण्यात आली. पुढच्याच वर्षी कर्ट कोबेन यांच्या मार्टिन डी-१८ई ने ६० लाख डॉलरचा टप्पा ओलांडून हा विक्रम मोडला.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये, बेताच्या खर्चात हा आवाज काढता येईल का?

बराचसा येईल, फक्त खर्चाचा क्रम उलटा लावावा लागेल. बहुतेक जण आधी काळी गिटार घेतात. त्याऐवजी पहिले पैसे स्वच्छ राहणाऱ्या ॲम्पवर घालावेत. तो ट्रान्झिस्टरचा असला तरी चालेल, आणि १०० वॉटचा हायवॉट सोसायटीत लावण्याचा विचारही करू नये. त्यानंतर चांगला डिले, मग बिग मफ जातीचे पेडल. तीन सिंगल-कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपची कोणतीही बरी गिटार या कामाला पुरेल.

परदेशातून जुना व्हॉल्व्ह ॲम्प आणवणाऱ्यांनी मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज आधी वाचावा. इंग्लंडचा २४० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टवर सहसा ठीक चालतो, अमेरिकेचा १२० व्होल्टचा मात्र स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर जळतो. ट्रान्सफॉर्मर ॲम्पच्या वापरापेक्षा मोठ्या क्षमतेचा घ्यावा. व्हॉल्व्ह ॲम्पचे आवरण स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतदाब शिल्लक राहू शकतो. ते काम जाणत्या तंत्रज्ञाकडेच सोपवावे.